पटाभोवतीची भांडणे

ऑनलाइन बुद्धिबळाने खेळाची अब्रू गेली, अशी तक्रार जुन्या खेळाडूंकडून वारंवार ऐकू येते. डावाशेजारी चॅटची चौकट उघडी असते आणि तिच्यात टोमणे, कोट्या, उखाळ्यापाखाळ्या चालू असतात. हरलेला म्हणतो, समोरच्याने संगणकाची मदत घेतली. जिंकलेला म्हणतो, रडीचा डाव खेळू नकोस. या तक्रारीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पूर्वी दोन सभ्य माणसे समोरासमोर बसून मौनात खेळत, हरल्यावर हात मिळवत आणि घरी जात. इतिहास तपासला तर हे गृहीत टिकत नाही. आपल्याकडच्या पटाभोवती भांडण कायम होते, आणि बहुतेक वेळा ते एकाच मुद्द्यावर येऊन थांबे: न्यायाचा डाव कशाला म्हणायचे? माझे म्हणणे याच्याही थोडे पुढचे आहे. सुटे सुटे खेळाडू एका मंडळीत बांधले गेले ते या भांडणांमुळेच. ज्याच्याशी नियमावरून हुज्जत घातली, त्याच्याशीच दुसऱ्या दिवशी पट मांडावा लागतो, कारण हुज्जतीचा निकाल लावायला पटाखेरीज जागा नसते.

वरवट बकालसारखे गाव डोळ्यांपुढे धरा. बुलढाणा जिल्ह्याचा संग्रामपूर तालुका, वर सातपुड्याची रांग, खाली पूर्णेचे खोरे, आगगाडी धरायची तर शेगाव गाठायचे. अशा गावांतल्या पारावर किंवा दुकानाच्या फळीवर मांडलेल्या पटांची नोंद कुणी ठेवत नाही. पण त्या पटांवर चालणाऱ्या देशी पद्धतीचे नियम आपल्याला ठाऊक आहेत, आणि ते वाचले की भांडण कुठून निघे हे लगेच कळते. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. राजासमोर राजा नसे. एकाचा राजा दुसऱ्याच्या वजिरासमोर उभा राही. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी शह लागण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची अडीच घरांची उडी घेता येई. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे त्या घराच्या मोहऱ्यात बदले, म्हणजे हत्तीच्या घरी हत्ती, उंटाच्या घरी उंट. प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. आणि प्रतिस्पर्ध्याजवळ नुसता राजा उरला तर बाजी बुर्जी झाली असे म्हणत, म्हणजे पुरती जीत नाहीच. त्यामुळे वरचढ खेळाडूला मोठा पेच पडे. मारत सुटावे तर बुर्जी होणार. म्हणून समोरच्याचे एखादे मोहरे जपून ठेवायचे आणि मात करायची. यातले जवळपास प्रत्येक कलम प्रांताप्रांतात, कधी गावागावांत वेगळे होते. राजाची उडी शह लागून गेल्यावर चालते का? उडीत मोहरे मारता येते का? घरचा हत्ती अजून जिवंत असेल तर प्याद्याने थांबायचे का? शेगावला जत्रेला आलेला पाहुणा आणि गावातला पटाईत यांची पहिली झुंज चालींआधी या प्रश्नांवरच होणार, हे समजायला साक्षीपुराव्याची गरज नाही.

लांबून खेळण्याची गोष्टही इंटरनेटने प्रथम आणली असे नाही. १८२८-२९ च्या सुमारास मद्रास आणि हैदराबाद या दोन शहरांत पत्रांतून डाव खेळले गेले आणि ते गुलाम कासिम व जेम्स कॉक्रेन यांच्या १८२९ च्या मद्रासी पुस्तकात छापले गेले. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या निजामाच्याच मुलखात होते; इंग्रजांकडे त्याचा कारभार गेला तो १८५३ मध्ये. पत्रावर खेळायचे म्हणजे एक चाल लिहायची आणि टपालाची वाट पाहायची. अशा खेळात तोंडाने मिटवामिटव करायला कुणी समोर नसतो, म्हणून नियम आधी ठरवून कागदावर आणावे लागतात; हे डाव युरोपीय पद्धतीने झाले तो काही योगायोग नव्हे. त्याआधी १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा संस्कृत ग्रंथ इंग्रजीत उतरून छापला गेला होता आणि त्याच्या नावातच युरोपीय रीतीला अनुसरून असे म्हटले होते. म्हणजे पेशवाई अजून उभी असताना एका शास्त्र्याला दोन रीतींमधला वाद माहीत होता आणि त्याने बाजू घेतली होती. ज्यांना हे पटले नाही ते पुढची शंभर-सव्वाशे वर्षे देशी पद्धतीनेच खेळत राहिले.

शब्दांचा खेळही पटाइतकाच जुना आहे, आणि तो पोरकट नव्हता. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त बुद्धिबळाचे प्रकरण आहे. त्यात घोडा सगळ्या चौसष्ट घरांतून एकेकदाच कसा फिरवावा हे अक्षरांच्या खुणांनी सांगितले आहे: उभ्या ओळींना एक वर्णमाला, आडव्यांना दुसरी, दोन्ही जोडून घराचे नाव. रुद्रटाने नवव्या शतकातच ‘काव्यालंकारा’त तुरगपदबंध दाखवला होता. अक्षरे घोड्याच्या उड्यांनी वाचली तरी तोच श्लोक निघतो, अशी ती रचना. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठानेही सतराव्या शतकात नीतीवरच्या ग्रंथात बुद्धिबळाचे नियम दिले आणि घोड्याच्या फेऱ्या दिल्या. त्यांतली एक त्याने सिंहलद्वीपाच्या राजाच्या नावावर मांडली. पंडितांनाही बुद्धिबळात कोटी करावीशी वाटे, एकमेकांवर कुरघोडी करावीशी वाटे. आज कुणी उंटाने भलतीच चाल करणाऱ्याला चॅटमध्ये ‘उंटावरून शेळ्या हाकू नकोस’ असे सुनावतो तेव्हा पांडित्य नसेल, पण हौस तीच आहे. आणि खरे तर ती म्हण खेळणाऱ्याला लागू पडत नाही. ती लागते भोवती उभे राहून चाली सुचवणाऱ्यांना, ज्यांची वाण पारावरही नव्हती आणि पडद्यावरही नाही.

विसाव्या शतकात खेळाची संघटना झाली तेव्हा भांडणे मिटली नाहीत, वरच्या दारी गेली. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये निघाला. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये एलुरूला झाली आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले आणि या गावातून भाग्यश्री साठे, स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू निघाल्या. पण या काळातले सर्वांत महत्त्वाचे भांडण १९७६ चे. ‘नवाकाळ’कार नीलकंठ खाडिलकरांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी मुली बुद्धिबळपटू, १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली होती. (त्यांच्या वडिलांना वाचकांनी ‘अग्रलेखांचा बादशहा’ म्हटले; घरात बुद्धिबळ इतके असताना दुसरी पदवी मिळायची कुठली!) १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष माक्स ऑयवे यांनी निवाडा दिला की स्त्री म्हणून कुणाला स्पर्धेबाहेर ठेवता येणार नाही. हे भांडण नियमाचे दिसते. खाली वाद होता तो पटासमोर बसायचा हक्क कुणाला, याचा. या फरकाकडे पुढे यावे लागेल.

मग संगणक आला. १९९० च्या दशकात इंटरनेटवरचे पहिले बुद्धिबळ सर्व्हर, २००७ मध्ये चेस डॉट कॉम, २०१० मध्ये लीचेस. आपल्याकडच्या खेड्यांत मात्र हे पोचले ते २०१६ नंतर, जिओमुळे डेटा स्वस्त झाल्यावर. आता वरवट बकालच्या पोराला तोडीचा प्रतिस्पर्धी शोधायला अकोल्याची किंवा नागपूरची वाट धरावी लागत नाही. आणि गंमत अशी, की गावोगावचे नियमही परत आले. समजा तुमची वेळ संपली आणि समोरच्याजवळ राजा आणि एकच घोडा उरला, तुमच्याजवळ मात्र एक प्यादे आहे. लीचेस म्हणते, मात तत्त्वतः होऊ शकते, तेव्हा तुम्ही हरलात. चेस डॉट कॉम म्हणते, एकट्या घोड्याने मात लादता येत नाही, तेव्हा बरोबरी. एकच स्थिती, दोन पार, दोन निकाल. अशा बरोबरीवरून चॅटमध्ये जी जुंपते तिच्यात आणि बुर्जीवरून जुंपणाऱ्यांत फारसे अंतर नाही.

२०२० च्या टाळेबंदीत ही मंडळी एकदम फुगली. पुण्यात शिकलेला विनोदी कलाकार समय रैना थेट प्रक्षेपणावर बुद्धिबळ खेळू लागला, नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्याच्याबरोबर बसू लागला, आणि लाखो लोक मोहऱ्यांपेक्षा त्यांची थट्टामस्करी ऐकायला येऊ लागले. शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली. पण त्याच वर्षी ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये भारताचा कप्तान होता तोच विदित, आणि संघात मुलींच्या पटावर नागपूरची दिव्या देशमुख. ते दोन दिवस जरा जवळून पाहण्यासारखे आहेत. २८ ऑगस्टला उपउपांत्य फेरीत आर्मेनियाच्या मार्तिरोस्यानचे इंटरनेट निहाल सरीनविरुद्ध खेळताना तुटले आणि तो वेळेवर हरला. आर्मेनियाने हरकत घेतली, ती फेटाळली गेली, तेव्हा त्यांनी दुसरी लढत खेळायलाच नकार दिला आणि भारत पुढे गेला. ३० ऑगस्टला रशियाविरुद्ध अंतिम फेरीत नेमके उलटे झाले. जगभर इंटरनेटची मोठी खोळंबाखोळंब झाली, त्यात निहाल आणि दिव्या यांचे डाव वेळेवर गेले, रशिया विजेता जाहीर झाला. या वेळी हरकत भारताने घेतली. जागतिक महासंघाचे अध्यक्ष द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्ण दिले. आर्मेनियाला हे कसे वाटले असेल याची कल्पना करा. पण मुद्दा असा, की तुटलेली जोडणी ही खेळाडूची चूक की नशिबाचा भाग, याचे सर्वांना मान्य उत्तर तेव्हा नव्हते; ते भांडूनच काढावे लागत होते. पत्रांतून खेळणाऱ्यांनाही हरवलेल्या टपालाचे काय करायचे ते असेच ठरवावे लागे.

इथे एक सबळ आक्षेप येतो. पारावर माणूस ओळखीचा असे, त्याने चाल परत घेतली तर दहा जण पाहत. पडद्यामागे कोण आहे आणि त्याच्या शेजारी कुठले इंजिन चालू आहे हे कळत नाही. मग भांडणाने मैत्री कशी होणार? आक्षेप अर्धा खरा आहे. १३ जून २०२१ ला कोविडच्या मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद एकाच वेळी अनेक नामवंतांशी खेळत होता, आणि त्यांतले एक, उद्योजक निखिल कामत, यांनी संगणकाची मदत घेऊन त्याला हरवले. चेस डॉट कॉमने त्यांचे खाते बंद केले, कामत यांनी जाहीर माफी मागितली, आणि पुढे प्रदर्शनी सामना होता म्हणून खाते परत उघडले. पण हे उघडकीस कसे आले ते पाहा. चाली नोंदलेल्या होत्या, हजारो लोक त्या तपासत होते, आणि काही तासांत बोंब झाली. पाराभोवतीचे दहा जण इथे दहा हजार झाले. ओळखही येतेच: तेच टोपणनाव रोज रात्री त्याच वेळी येते, त्याचे रेटिंग, त्याची सुरुवातीची खोड, हरल्यावर फणकारायची त्याची तऱ्हा, सगळे ठाऊक होते. चेहरा दिसला नाही म्हणून परिचय अडत नाही.

उरतो तो १९७६ मध्ये दिसलेला फरक, आणि माझ्या युक्तिवादाची मर्यादा तिथेच आहे. जानेवारी २०२४ मध्ये वाइक आन झे येथील स्पर्धेनंतर दिव्या देशमुखने जाहीर लिहिले की प्रेक्षक तिच्या चालींऐवजी कपड्यांवर, केसांवर, बोलण्याच्या धाटणीवर बोलत होते. हे भांडण नव्हे. भांडायला समोरचा खेळाडू आहे हे मान्य करावे लागते; शेरा मारणारा तेच नाकारतो. म्हणून चॅटमधल्या सगळ्या कोट्यांना मंडळीची खूण म्हणून सरसकट पास करता येत नाही, आणि ऑनलाइन जगात अशा शेऱ्यांचे प्रमाण पारापेक्षा जास्त आहे असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण पारावर मुलींना पटाजवळ येऊच दिले जात नसे, हे त्याच दमात सांगितले पाहिजे. रोहिणीला पटासमोर बसण्यासाठी ऑयवे यांच्या निवाड्यापर्यंत जावे लागले. दिव्याने तक्रार केली तेव्हा ती आधीपासून पटासमोर बसलेली होती, आणि जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिच्यासमोर कोनेरू हंपी होती.