लाटणे रस्त्यावर आले तेव्हा : मुंबईतील महागाईविरोधी आंदोलन, १९७२ ते १९७५

१/
१९७० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या रस्त्यांवर एक नवा आवाज ऐकू येऊ लागला. थाळीवर लाटणे आपटत हजारो स्त्रिया मोर्चाने निघत होत्या. तेल, साखर, रॉकेल आणि धान्य योग्य भावात मिळावे, एवढीच त्यांची मागणी होती. हा 'लाटणे मोर्चा' अनेकांना आज नावापुरता माहीत असतो. त्यामागचा विचार मात्र नीट समजून घेण्याजोगा आहे.

२/
महागाईविरुद्धची लढाई मुंबईला नवी नव्हती. पहिल्या महायुद्धात धान्य व कापडाचे भाव चढले आणि मजुरी मागे पडली. जानेवारी १९१९ मध्ये एक लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. त्या काळापासून या शहरात महागाई हा प्रामुख्याने मजुरीचा प्रश्न मानला गेला. भाव वाढले तर पगार वाढवा, हे त्याचे सूत्र होते.

३/
या सूत्राला मोजमापाची जोड लवकरच मिळाली. १९२१ मध्ये मुंबई सरकारने कामगार कार्यालय स्थापन केले. कामगार कुटुंब महिन्याला काय खरेदी करते आणि त्यावर किती खर्च होतो, याच्या पाहण्या झाल्या. त्यातून राहणीखर्चाचा निर्देशांक तयार होऊ लागला. विशिष्ट वर्षाचा खर्च १०० धरायचा आणि पुढील महिन्यांचा खर्च त्याच्याशी ताडून पाहायचा, अशी ती पद्धत होती.

४/
दुसरे महायुद्ध सुरू होताच भाव पुन्हा उसळले. मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्याच्या मागणीसाठी गिरणी कामगारांनी संप पुकारला आणि तो सुमारे चाळीस दिवस चालला. पुढे भत्ता निर्देशांकाशी जोडण्याची पद्धत गिरण्यांत रुजली. निर्देशांक चढला की भत्ता चढणार, ही हमी संघटित कामगाराने झगडून मिळवली होती.

५/
त्याच युद्धकाळात, १९४३ मध्ये, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. शिधापत्रिका आणि रेशनच्या दुकानापुढची रांग शहराच्या जीवनाचा भाग झाली. अशा प्रकारे महागाईला तोंड देण्याची दोन साधने निर्माण झाली: कारखान्यात भत्ता आणि मोहल्ल्यात रेशन. पहिल्यासाठी भांडायला कामगार संघटना होती. दुसऱ्यासाठी रांगेत उभ्या असणाऱ्यांची मात्र कोणतीच संघटना नव्हती.

६/
निर्देशांकावर आंधळा विश्वासही कोणी ठेवला नव्हता. १९६३ मध्ये मुंबईच्या निर्देशांकातील दोषांवरून कामगारांत तीव्र असंतोष पसरला. बाजारात भाव वाढत असताना आकडा तेवढा का हलत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने निर्देशांकात दुरुस्ती सुचवली. पिशवी घेऊन बाजारात जाणाऱ्या माणसाचा अनुभव सरकारी आकड्यापेक्षा खरा ठरला होता.

७/
तरीही या व्यवस्थेबाहेर फार मोठा समाज उरत होता. घरकाम करणारी बाई, फेरीवाला, रोजंदारीवरचा मजूर, छोट्या दुकानातला नोकर यांना भत्ता नव्हता. आणि ज्या घरात भत्ता येत असे, तिथेही तो पगाराच्या पाकिटातून पुरुषाच्या हाती पडे. महिनाअखेरीस तोंडमिळवणी करण्याचे काम स्त्रीकडे होते. त्या कामाची नोंद कुठल्याही करारात नव्हती.

८/
१९७१-७२ मध्ये संकटे एकापाठोपाठ एक आली. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि डिसेंबर १९७१ मध्ये युद्ध झाले. तिजोरीवर ताण पडला. त्यातच १९७२ चा पावसाळा कोरडा गेला. महाराष्ट्रात दुष्काळ आधीपासूनच मूळ धरत होता. आता त्याने भीषण रूप घेतले.

९/
गावोगावी दुष्काळी कामे निघाली. मे १९७३ च्या सुमारास या कामांवर राबणाऱ्यांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली. खडी फोडणारे हात आणि वाटपातली सुकडी ही त्या पिढीची आठवण आहे. याच अनुभवातून पुढे रोजगार हमी योजनेला आकार आला. ग्रामीण महाराष्ट्रासाठी संकटाचे नाव दुष्काळ होते. शहरात तेच संकट महागाई आणि टंचाई या नावांनी शिरले.

१०/
मुंबईत रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळू लागला. ज्वारीसारख्या दिसणाऱ्या या धान्याची भाकरी अनेकांच्या घशाखाली उतरत नसे. शेंगदाणा तेल, वनस्पती तूप, साखर, रवा यांचा पुरवठा अनियमित झाला. सणाच्या तोंडावर दुकानातून माल गायब व्हायचा आणि जास्त पैसे मोजले की मागच्या दाराने मिळायचा. रॉकेलसाठी डबा घेऊन तासन् तास उभे राहावे लागे.

११/
इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पगार वाढल्याने हा प्रश्न सुटणारा नव्हता. दुकानात तेलच नसेल तर भत्त्याचा उपयोग काय? साठेबाजी कोण करतो, पुरवठा कोण रोखतो, रेशनचा माल कुठे जातो, हे प्रश्न आता पुढे आले. त्यांची उत्तरे गिरणीमालकाकडे नव्हती. ती व्यापाऱ्याला आणि सरकारला विचारावी लागणार होती.

१२/
या पार्श्वभूमीवर १९७२ मध्ये मुंबईत 'महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती' स्थापन झाली. समाजवादी पक्षाच्या मृणाल गोरे व प्रमिला दंडवते, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी अशा कार्यकर्त्या एकत्र आल्या. कोणत्याही पक्षाशी संबंध नसलेल्या असंख्य गृहिणी त्यांच्याबरोबर होत्या.

१३/
ही एकजूट सहज घडणारी नव्हती. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनापासून समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यात कटुता होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते एका समितीत बसले, पण नंतर वाटा पुन्हा वेगळ्या झाल्या. महागाईच्या प्रश्नावर स्त्री कार्यकर्त्यांनी ती दरी ओलांडली, कारण रांगेत उभ्या असलेल्या बाईला कोणत्या पक्षाची म्हणून तेल वेगळ्या भावाने मिळत नव्हते.

१४/
नेतृत्वही वस्तीतून वर आले होते. मृणाल गोरे यांनी वैद्यकीय शिक्षण सोडून सार्वजनिक कार्य पत्करले होते. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. गोरेगावातील वस्त्यांच्या पाण्यासाठी त्यांनी दिलेल्या लढ्यामुळे लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. अहिल्या रांगणेकर यांनी १९४३ पासून परळ महिला संघाच्या माध्यमातून गिरणगावातील स्त्रियांत काम केले होते. पाणी, शिधा, घर या प्रश्नांवरची ही दीर्घ तयारी आता उपयोगी पडली.

१५/
आंदोलनाची साधने स्वयंपाकघरातून आली. लाटणे प्रत्येक घरात होते, विकत आणावे लागत नव्हते आणि त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. रिकाम्या थाळीवर लाटणे आपटले की घोषणेची गरज उरत नसे. मोर्च्यांत दहा ते वीस हजार स्त्रिया सामील होत. सरकारी कार्यालये, लोकप्रतिनिधींची घरे आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या ही त्यांची ठिकाणे होती.

१६/
सर्वच स्त्रियांना मोर्चाला येणे शक्य नव्हते. कोणाचे मूल तान्हे, कोणाच्या घरी आजारी माणूस, कोणाला परवानगी नाही. अशा स्त्रिया आपल्या दारातच थाळी वाजवून पाठिंबा दर्शवत. ही या आंदोलनाची सर्वांत मोलाची कल्पना म्हणावी लागेल. राजकारणात भाग घेण्यासाठी उंबरठा ओलांडलाच पाहिजे, ही अट तिने काढून टाकली.

१७/
मोर्च्यांबरोबर दैनंदिन कामही होते. रेशन दुकानांवर देखरेख, निकृष्ट धान्याच्या तक्रारी, साठा दडवणाऱ्यांना जाब विचारणे, अधिकाऱ्यांना घेराव. मागण्याही ठोस होत्या: जीवनावश्यक वस्तूंचे भाव सरकारने ठरवावेत, त्यांचे वाटप सरकारने करावे आणि काळाबाजार मोडावा. घरखर्चाच्या वहीतील आकडे आता मंत्र्यांपुढे मांडले जात होते. ज्याला आजवर 'बायकांची कटकट' समजले जाई, ते पुरावा म्हणून उभे राहिले.

१८/
संकट मात्र वाढतच गेले. एप्रिल १९७३ मध्ये केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार ताब्यात घेतला. हा प्रयोग फसला आणि पुढच्याच वर्षी गुंडाळावा लागला. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचे दर काही महिन्यांत जवळपास चौपट झाले. घाऊक किमतींतील वाढ १९७३-७४ मध्ये सुमारे २० टक्के आणि १९७४-७५ मध्ये सुमारे २५ टक्के होती.

१९/
असंतोष महाराष्ट्रापुरता राहिला नाही. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात खानावळीचे दर वाढले आणि विद्यार्थी उठले. त्यातून गुजरातचे नवनिर्माण आंदोलन उभे राहिले. तिथेही थाळ्या वाजल्या. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. जेवणाच्या बिलाने सुरू झालेल्या असंतोषाने एक सरकार खाली खेचले.

२०/
मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला आणि तो कठोरपणे मोडण्यात आला. त्यानंतर जुलैमध्ये सरकारने महागाई रोखण्यासाठी जो उपाय योजला, तो विलक्षण होता. नोकरदारांची नवी पगारवाढ पूर्ण आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेव म्हणून राखून ठेवण्यात आला. लोकांच्या हाती पैसा कमी राहिला की मागणी घटेल, हा त्यामागचा तर्क होता.

२१/
म्हणजे पन्नास वर्षे झगडून मिळवलेले भत्त्याचे संरक्षणही एका वटहुकमाने अर्धे झाले. पगार हीच महागाईवरची ढाल आहे, या समजुतीची मर्यादा येथे स्पष्ट दिसते. पुरवठा, साठे आणि वाटप यांवर बोट ठेवणाऱ्या स्त्रियांनी प्रश्नाची दुसरी बाजू आधीच ओळखली होती. ती बाजू सरकारच्या धोरणात दुय्यम राहिली.

२२/
२५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली आणि रस्त्यावरचे आंदोलन थांबले. मृणाल गोरे काही काळ भूमिगत राहिल्या आणि नंतर पकडल्या गेल्या. अहिल्या रांगणेकर व प्रमिला दंडवते यांनाही तुरुंगवास घडला. १९७५-७६ मध्ये भाव उतरले. त्याला चांगला पाऊस, आधीची आर्थिक कडक धोरणे अशी अनेक कारणे होती. लाटणे मोर्चामुळे महागाई संपली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

२३/
मग या आंदोलनाने मिळवले काय? मार्च १९७७ च्या निवडणुकीत मृणाल गोरे उत्तर मुंबईतून आणि अहिल्या रांगणेकर उत्तर-मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. इंदिरा गांधी पराभूत झाल्या तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा महाराष्ट्रभर गाजली. रेशनच्या रांगेत घडलेले नेतृत्व संसदेत पोहोचले होते.

२४/
आंदोलनाच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. पुढील काळातील स्त्रीमुक्ती चळवळीने एक योग्य प्रश्न विचारला: लाटणे हातात धरून स्त्री रस्त्यावर आली, पण लाटणे तिच्याच हातात का, हे कोणी विचारले का? घरातील श्रमांची वाटणी या आंदोलनाने बदलली नाही. मोर्चा संपला की तीच स्त्री घरी जाऊन चूल पेटवत होती.

२५/
तरीही एक बदल टिकून राहिला. १९१९ पासून महागाईचा हिशेब गिरणीच्या दाराशी होत होता. तो हिशेब मांडण्याचा अधिकार पगार मिळवणाऱ्याचा होता. १९७२ नंतर तो खर्च भागवणाऱ्याचाही झाला. भाव हा नशिबाचा किंवा ऋतूचा खेळ नाही, त्यामागे निर्णय असतात आणि ते घेणाऱ्यांना जाब विचारता येतो, हे त्या स्त्रियांनी मुंबईला दाखवून दिले.

२६/
अनेक घरांत त्या वर्षांतील जमाखर्चाच्या वह्या कदाचित अजून असतील आणि त्या रांगांत उभ्या राहिलेल्या आजी, मावश्या, आत्या आजही बोलू शकतात. निर्देशांकाचे आकडे सरकारी दप्तरात सुरक्षित आहेत. तेल कोणत्या महिन्यात बंद झाले, मिलोच्या भाकरीचे काय झाले, थाळी प्रथम कोणी वाजवली, हा इतिहास मात्र त्यांच्याच जवळ आहे. तो विचारून, वेळीच लिहून ठेवावा.