परमुलखातला मुक्काम आणि राज्याची हमी

कल्याण-डोंबिवलीतून कोणी रियाधला किंवा कुवेतला निघाले की घरात पहिली चौकशी होते ती तिथल्या नियमांची. एकट्या बाईला खोली देतात का, डोके झाकावे लागते का, रमजानात दिवसा जेवायला मिळते का? मुक्काम पंचतारांकित हॉटेलात आहे असे कळले की निम्मी काळजी मिटते. ही निश्चिंती बऱ्याच अंशी रास्त आहे, पण तिचे श्रेय आपण पैशाला देतो. कडक धर्मनियमांच्या शहरात महागड्या हॉटेलाच्या दाराआत थोडा निराळा कायदा चालतो, तो भाडे जास्त म्हणून नव्हे, तर राज्यकर्त्याने तो चालू दिला म्हणून. पाहुणा भाडे भरतो ते त्या मुभेचे. गादी आणि गालिचा वरकड. याचा पुरावा शोधायला आखात गाठण्याची गरज नाही. ठाणे-कल्याणचा जुना किनाराच त्याची साक्ष देतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख ‘कॅलिएना’ म्हणून येतो. थोरल्या सॅरागॅनस राजाच्या काळात ते रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे ते सँडनीसच्या ताब्यात गेले आणि व्यापार अडला. चुकून तिथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. बंदर तेच, खाडी तीच, मागचा घाटमार्गही तोच. बदलला तो फक्त राज्यकर्त्याचा शब्द, आणि तेवढ्याने परक्या व्यापाऱ्याला कल्याण बंद झाले.

याच्या उलट चित्र दहाव्या शतकात दिसते. अरब प्रवासी अल-मसूदी इ.स. ९१६च्या सुमारास सैमूर, म्हणजे आपल्या चौलला आला. तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो. त्यांच्यावर त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. त्याला ‘हुनरमन’ म्हणत, आणि आपल्या लोकांचे तंटे तो त्यांच्याच रिवाजाने सोडवी. राज्य हिंदू, पण परक्याचा निवाडा परक्याच्या कायद्याने. दहा वर्षांनंतरचा, शके ८४८चा म्हणजे इ.स. ९२६चा चिंचणी ताम्रपट तर याहून पुढचे सांगतो. चिंचणी डहाणू तालुक्यातली. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत ती ठाणे जिल्ह्यातच होती. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाणचा कारभार तेव्हा मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब मुसलमान, पाहत होता. त्याने दोन प्रवाहांवर फुकट तर चालवली आणि एक अन्नछत्र उघडले. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला जमीन देण्यातही त्याचा हात होता. वाटसरूला उतरण्याची आणि जेवण्याची सोय इथे धर्म न पाहता झाली, कारण तिच्यामागे राजाची सनद होती.

हमी नसली म्हणजे काय होते, ते १३२१ साली ठाण्याने पाहिले. ठाणे तेव्हा दिल्लीच्या सुलतानीखाली होते. चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू तिथे येऊन एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले. पुढे ठाण्याला आलेला इटालियन साधू ओडोरिक त्या पंथाची अवघी पंधरा घरे गावात असल्याचे सांगतो. त्या घरी नवरा-बायकोचे भांडण झाले, नवऱ्याने हात उगारला, बायको काझीकडे गेली आणि साक्षीला तिने घरातल्या पाहुण्यांची नावे सांगितली. घरगुती तक्रारीची सुनावणी धर्मचर्चेवर गेली, तिथून पैगंबरांविषयीच्या प्रश्नावर, आणि उत्तराने लोक खवळले. शहराच्या मलिकने, म्हणजे सुभेदाराने, त्यांना सोडून खाडीपलीकडे एका हिंदूच्या घरी उतरवले. पण काझीचे वजन भारी ठरले, मलिक त्याच्यापुढे नमला आणि रात्री मारेकरी पाठवले गेले. चौघांपैकी कोणीही वाचला नाही. त्यांना दोन यजमान मिळाले, दोघांनीही आसरा दिला, पण पाहुण्याला वाचवण्याची ताकद दोघांच्याही हाती नव्हती.

यावर कोणी म्हणेल की ओडोरिक हुतात्म्यांचे माहात्म्य सांगायला बसला होता, त्याच्यावर किती विश्वास ठेवावा? चमत्कारांचा भाग खुशाल वगळावा. पण मुक्काम कुठे होता, तक्रार कोणी केली, रात्री कुठे हलवले, या तपशिलांनी कुणाचे माहात्म्य वाढत नाही; म्हणूनच ते खरे वाटतात. दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: ही धर्मसत्तेचीच असहिष्णुता नव्हे का? काझीचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. पण संजाणला अन्नछत्र उघडणारा अधिकारीही मुसलमानच होता, आणि ओडोरिकच्याच सांगण्यानुसार दिल्लीच्या बादशहाने या हत्येसाठी मलिकला देहदंड दिला. धर्म दोन्हीकडे एकच, परिणाम मात्र भिन्न. तेव्हा फरकाचे कारण राज्यव्यवस्थेत शोधावे लागते. तिसरा आक्षेप असा की अन्नछत्र हे पुण्यकर्म आणि हॉटेल हा धंदा, मग तुलना कशी? हेतू वेगळे आहेत हे कबूल. पण परक्याने कुठे, कोणाच्या भरवशावर आणि कोणत्या नियमाने राहायचे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

आजच्या आखातातही हेच दिसते. सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१९मध्ये पर्यटक व्हिसा खुला केला आणि लगोलग परदेशी जोडप्यांना लग्नाचा दाखला न मागता हॉटेलात खोली मिळू लागली. सौदी जोडप्यांना मात्र नात्याचा पुरावा द्यावा लागे. एकाच इमारतीत दोन नियम झाले ते सरकारच्या एका निर्णयाने. त्याआधी नोव्हेंबर २०१७मध्ये रियाधच्या रिट्झ-कार्लटनमधून पाहुण्यांना बाहेर काढण्यात आले आणि राजपुत्र व बडे उद्योगपती तिथेच अटकेत ठेवले गेले. सत्तेने ठरवले तेव्हा शहरातल्या अत्यंत आलिशान हॉटेलाचा तुरुंग झाला. दार त्याच सत्तेने उघडे ठेवले होते, बंदही तिनेच केले.

एका गटाला सूट आणि दुसऱ्याला कायदा, हा ढोंगीपणा नव्हे का? आहेच. पण तो एका धर्माच्या माथी मारू नये. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली सामान्य माणसाला बाटलीसाठी तुरुंग होता आणि परदेशी पाहुण्याला परवान्यावर दारू मिळत होती. पाहुण्यांचा पैसा हवा असलेले आणि घरच्यांना शिस्त लावू पाहणारे प्रत्येक राज्य हीच वाट धरते. म्हणून परदेशातल्या हॉटेलाचे आरक्षण करताना तारे मोजण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: तिथली मुभा कायद्यात लिहिलेली आहे की तूर्तास चालवून घेतलेली, आणि हॉटेलाच्या फाटकाबाहेर ती किती पावले टिकते.