मॅट्रिकपुढची वाट

मॅट्रिकचा निकाल लागला आणि पेढे वाटून झाले, म्हणजे घरांतील वडील मंडळींनीं "आतां पुढें काय?" असें मुलास विचारावयाचें, ही आपल्याकडील जुनी रीत. प्रश्न योग्य आहे. वेळ मात्र टळून गेलेली असते. मुलगा नववी-दहावींत असतांना कोणीं कांहीं योजून ठेवलें होतें कीं सारें दैवावर सोडलें होतें, यावरच निकालाच्या दिवसाचें उत्तर बहुधा अवलंबून असतें. हें कसें घडतें तें पाहावयाचें असेल, तर वऱ्हाडच्या दक्षिण भागांतील वाशीम-कारंज्याकडील मुलुखाचा इतिहास चाळण्यासारखा आहे.

वाशीम हें फार जुनें नगर. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. इंग्रजी अमलांत तें जिल्ह्याचें ठिकाण होतें. परंतु १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला गेला, १९०५ सालीं जिल्ह्यांची फेरमांडणी झाली आणि वाशीम जिल्हा मोडला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोला जिल्ह्यांत गेले. जिल्ह्याची कचेरी जेथें असते तेथें वकील, डॉक्टर आणि शिकलेल्या माणसांची वस्ती वाढते. मुलास पुढें काय शिकवावें हें ज्यांना विचारावें, अशीं माणसें आतां वाशीमकरांपासून दूर अकोला-अमरावतीकडे एकवटलीं.

त्या काळची शिक्षणाची शिडी अशी होती : चार इयत्ता प्राथमिक, चार मिडल आणि तीन हायस्कूल. पहिला फांटा प्राथमिक चौथीपाशींच फुटे. मराठी शाळेंत राहिलेला मुलगा फार तर शिक्षक होण्याची आशा धरी; इंग्रजी शाळेंत गेलेल्याला कचेरीची नोकरी आणि कॉलेज या दोन्ही वाटा मोकळ्या राहत. दहा वर्षांच्या पोराच्या आयुष्याचा निम्मा निवाडा असा तेथेंच होऊन जाई, आणि तो करणाऱ्या बापाला पुष्कळदां त्याची कल्पनाही नसे.

मॅट्रिकच्या पलीकडील वाट तर अधिकच लांबची. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं व मॉरिस कॉलेज १८८५ सालीं निघालें. शेतकीचें कॉलेज तेथेंच १९०६ सालीं सुरू झालें. खुद्द वऱ्हाडांत कॉलेज येण्यास १९२३ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज आणि नागपुरास विद्यापीठ स्थापन झालें. कारंजा ही कापसाची पेठ असल्यामुळें तेथें मूर्तिजापुराहून यवतमाळकडे जाणारी छोटी आगगाडी होती. वाशीमला त्या काळीं तीही नव्हती.

याहून मोठी अडचण पंचांगाची होती. निकाल लागून कॉलेजें उघडावयाचीं तीं उन्हाळ्याच्या अखेरीस, मृगाच्या तोंडावर. आणि कास्तकाराच्या घरीं पैसा यावयाचा तो कापूस जीनमध्यें गेल्यावर, हिवाळ्यांत. जून महिन्यांत घरांतील शेवटचा रुपया बियाणें आणि मजुरी यांत गुंतलेला असतो. अशा वेळीं फी, पुस्तकें आणि खानावळ यांचा खर्च अंगावर आला, म्हणजे बापानें सावकाराकडे जावें किंवा मुलानें घरीं बसावें, एवढेच दोन मार्ग उरत. ज्यानें आदल्या हिवाळ्यांतच कापसाच्या पट्टींतून चार पैसे बाजूला काढले, त्याचा मुलगा कॉलेजांत गेला. हुशारी दोघांच्याही मुलांत असूं शकत होती. फरक योजनेचा होता.

या सर्व अडचणींतून गेलेला एक विद्यार्थी पुढें महाराष्ट्राच्या परिचयाचा झाला. पंजाबराव देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील पापळ या खेड्यांत झाला. प्रारंभीचे पाठ पापळास, मग चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावतीचें हायस्कूल, त्यानंतर पुण्याचें फर्ग्युसन कॉलेज, असा त्यांचा प्रवास आहे. शिक्षणाची एक पायरी चढावयाची म्हणजे एक गांव सोडावयाचें, हा त्या पिढीचा नियमच होता. १९२० सालीं ते विलायतेस निघाले तेव्हां घरच्या शेतीवर कर्जाचा बोजा चढला. एडिंबरो येथें त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें, शिष्यवृत्ती मिळविली, वैदिक वाङ्मयांतील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहिला, आणि बॅरिस्टर होऊन १९२६ सालीं ते अमरावतीस परतले.

परत आलेल्या या बॅरिस्टरानें काय केलें, हें त्यांच्या पदव्यांहून महत्त्वाचें आहे. थोड्याच काळांत त्यांनीं अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढलें. १९३० सालीं ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले आणि १९३२ सालीं त्यांच्या पुढाकारानें श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. खेड्यांतील मुलाचें शिक्षण बुद्धीपेक्षां बिछाना आणि ताट यांच्या अभावीं अडतें, हें ज्याला स्वतःच्या अनुभवानें कळलें होतें, त्यानें प्रथम वसतिगृहाकडे लक्ष द्यावें हें स्वाभाविकच होतें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह उघडलें आणि पुढें निरनिराळ्या जातींच्या वसतिगृहांस आश्रय दिला. साताऱ्यास भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं सर्व जातींच्या मुलांना एका छपराखालीं आणलें. खुद्द कारंज्यांतही १९१८ सालीं जैन समाजाचा महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला होता. मॅट्रिकपुढची योजना एकट्या घराला झेपत नाहीं, तिचा कांहीं भार समाजानें उचलावा लागतो, हें या सर्वांनीं ओळखलें होतें.

त्यानंतर शिडी बदलली. १९७२ सालीं महाराष्ट्रांत दहा अधिक दोन अधिक तीन अशी नवी रचना सुरू झाली; तिच्यांतील दहावीची पहिली परीक्षा १९७५ सालीं आणि बारावीची १९७७ सालीं झाली. मॅट्रिक हें नांव मागें पडलें. परंतु फांटा नाहींसा न होतां जागा बदलून दहावीपाशीं आला. कला, वाणिज्य, विज्ञान कीं तंत्रशिक्षण, हें पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानें ठरवावयाचें. विज्ञान सोडलेल्याला वैद्यकाचा दरवाजा बंद होतो, आणि ही गोष्ट पुष्कळांना बारावीनंतर कळते.

अंतर मात्र कमी झालें आहे. १९८३ सालीं अमरावतीस विद्यापीठ झालें. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुन्हां जिल्हा झाला. मोडल्यापासून त्र्याण्णव वर्षांनीं. २०१८ सालीं देशांतील मागासलेल्या, विशेष लक्ष पुरवावयाच्या जिल्ह्यांच्या यादींत त्याचें नांव आलें, आणि २०२४ सालीं तेथें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. ज्या गांवच्या मुलाला एके काळीं कॉलेजसाठीं नागपूर गांठावें लागे, त्या गांवांत आतां डॉक्टर घडवण्याची सोय आहे.

तरीही पंचांग तेंच राहिलें आहे. कापसाच्या जागीं पुष्कळ शेतांत सोयाबीन आलें. पैसा दिवाळीच्या सुमारास येतो आणि प्रवेशाचा खर्च अजून पेरणीच्याच दिवसांत उभा राहतो. म्हणून मूल दहावींत गेलें त्याच वर्षीं, पीक घरांत आल्यावर, आईबापांनीं त्याला जवळ बसवून तीन गोष्टी बोलून घ्याव्या : त्याचें मन कोणत्या विषयांत रमतें, त्या विषयाची वाट कोणत्या परीक्षेवरून व कोणत्या गांवावरून जाते, आणि त्या गांवीं राहण्या-जेवण्याचा खर्च कोठून येणार, म्हणजे घरांतून, शिष्यवृत्तींतून कीं वसतिगृहांतून. हें बोलणें मुलाच्या बरोबरीनें मुलीशींही व्हावयास हवें. कारण तिच्या बाबतींत कोणीं कांहीं ठरविलें नाहीं, तर दुसरेंच कांहीं ठरण्यास वेळ लागत नाहीं. अशी बैठक ज्या घरांत झाली, त्या घरांत निकालाच्या दिवशीं "पुढें काय?" असें विचारण्याची पाळी येत नाहीं, पेढे खाऊन सामानाची बांधाबांध करावयाची, एवढेंच काम उरतें.