माकडतापाची लस

माकडताप (क्यासनूर अरण्यज्वर) हा गोचीड चावल्याने होणारा विषाणुजन्य रोग आहे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि जवळच्या गावांत तापाची साथ पसरली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, त्याच वर्षी विषाणू शोधून काढला. रोगावर नेमके औषध अजूनही नाही आणि शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. विषाणू इतक्या लवकर सापडूनही खात्रीची लस आज हाताशी नाही, याचे कारण शोधाच्या नंतरच्या टप्प्यांत आहे.

हा विषाणू रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग ठरल्याने आधी त्याच मेंदूज्वराची लस देऊन पाहिली गेली. तिने संरक्षण दिले नाही. मग क्यासनूरचाच विषाणू कोंबडीच्या भ्रूणपेशींत वाढवून, फॉर्मॅलिनने निष्क्रिय करून लस बनवली. १९९०-९२ च्या पाहणीत तिच्या दोन मात्रांची परिणामकारकता ९३.५ टक्के आढळली. २००५-१० च्या माहितीत ती ६२.४ टक्के आणि वर्धक मात्रेनंतर ८२.९ टक्के भरली. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या असल्याने घसरण नेमकी किती, हे या आकड्यांवरून ठरवू नये. तरीही प्रतिकारशक्ती टिकत नव्हती, वर्धक मात्रा पुन्हा पुन्हा घ्याव्या लागत होत्या, हे उघड होते. इशारा दशकभर आधी मिळूनही पर्यायी लस उभी राहिली नाही आणि २०२२ च्या सुमारास जुनीचा वापर थांबला. प्रयोगशाळेतील यशाइतकीच त्यानंतरची देखरेख आणि सुधारणा हे संशोधनाचेच काम आहे.

रुग्ण थोडे, मग लसीवर खर्च कशाला, अंगाला गोचीडरोधक तेल लावले की पुरे, असा आक्षेप घेतला जातो. तेल उपयोगी आहेच; पण ते जंगलात जाताना दर वेळी लावावे लागते. शिवाय कोवळ्या गोचिडींचा सुकाळ कोरड्या महिन्यांत असतो आणि काजू वेचण्याचा, सरपण गोळा करण्याचा हंगामही तोच. जंगलावर पोट असलेल्यांना तेव्हा जंगलात जाणे टाळता येत नाही. रोगही शिमोग्यापुरता उरलेला नाही: २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात त्याची साथ आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स कंपनी आता नवी लस विकसित करीत आहेत. तिच्या चाचण्यांत सुरक्षिततेबरोबर प्रतिकारशक्ती किती हंगाम टिकते हेही मोजले जायला हवे.