वहीतली जागा : संगणकापूर्वीचे रेल्वे आरक्षण

उन्हाळी सुटीचा बेत घरात ठरत असे. तो तडीस जाणार की नाही, हे मात्र रेल्वेच्या एका वहीत ठरत असे. १९८६ पूर्वी आरक्षणाच्या प्रवासाला निघणाऱ्या बहुतेक भारतीय कुटुंबांचे नशीब या वहीशी बांधलेले होते.

प्रत्येक गाडीच्या प्रत्येक तारखेचा तक्ता वेगळा. कारकून त्यात प्रवाशाचे नाव, वय हाताने लिही. कागदाची वही एका वेळी एकाच मेजावर असू शकते, ही या व्यवस्थेची मूळ अडचण होती. म्हणून मोठ्या शहरांत गाड्या निरनिराळ्या खिडक्यांवर वाटलेल्या असत. तासभर उभे राहिल्यावर हवी ती गाडी भरल्याचे कळे, आणि दुसऱ्या गाडीसाठी दुसऱ्या रांगेचे शेपूट गाठावे लागे.

खरी धास्ती परतीची. पुण्याहून काशीला जाणाऱ्याच्या परतीच्या जागेची नोंद पुण्यातल्या वहीत नसे. त्यासाठी तिकडच्या स्थानकाला तार जाई आणि उत्तराची वाट पाहावी लागे. उत्तर आले नाही, तरी रजा मंजूर झालेली असे. मग मुलाबाळांसह तसेच निघायचे आणि तिकडे उतरल्यावर आधी आरक्षणाची खिडकी शोधायची, देवदर्शन मागाहून!

वहीचे पान खिडकीबाहेरच्या माणसाला दिसत नसे. ‘जागा नाही’ हे शब्द पडताळून पाहण्याचा मार्गच नव्हता. दलाली आणि चिरीमिरी यांचे मूळ कारकुनांच्या स्वभावापेक्षा या अंधारात अधिक होते.

इकडे प्रवासी तर वाढत होते. केंद्र सरकारी नोकरांना १९५६ पासून रजा प्रवास सवलत मिळू लागली. १९७४ मध्ये तिसरा वर्ग इतिहासजमा झाला. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेले मधु दंडवते (राजापूरचे खासदार, म्हणजे प्रवासाचे हाल जाणणाऱ्या कोकणाचेच प्रतिनिधी) यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमची गादी आणली. आरक्षणाच्या संगणकीकरणाची पायाभरणीही त्यांच्याच काळातली मानली जाते. गादीची आठवण लोकांनी अधिक जपली, हे थोडे अन्यायाचेच.

प्रत्यक्ष संगणक आला तो १९८५-८६ मध्ये, नवी दिल्लीत. पुढच्याच वर्षी मुंबईची पाळी आली. आता कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले आणि प्रतीक्षा यादीतला क्रमांक छापील स्वरूपात हाती येऊ लागला. अंधार बराच हटला. तरी दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथील पाचही केंद्रे परस्परांशी पूर्णपणे जोडली जायला १९९९ साल उजाडले. परतीची ती जुनी धास्ती खऱ्या अर्थाने मिटली ती तेव्हा.

ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवरून आरक्षण सुरू झाले. गंमत अशी, की तेव्हा पैसे पडद्यावर भरले, तरी कागदी तिकीट कुरियरने घरी येई. घरीच छापून घेता येणारे ई-तिकीट त्यानंतर काही वर्षांनी आले.

संगणकाने वही पुसली, गाडीतले डबे वाढवले नाहीत. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. गणेशोत्सवात कोकणात जाणारी कुटुंबे त्या हिशेबाने दिनदर्शिकेवर खूण करतात, सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल घेऊन बसतात, आणि काही मिनिटांतच पडद्यावर प्रतीक्षा यादी उमटते.