श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस, सातारा

श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे ग्रामीण भागातील गरीब विद्यार्थ्यांसाठी सातारा शहरात १९२४ साली सुरू झालेले वसतिगृह होय. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील (२२ सप्टेंबर १८८७ – ९ मे १९५९) यांनी ते स्थापन केले. सर्व जातिधर्मांच्या मुलांनी एका छपराखाली राहणे, एका पंगतीस जेवणे आणि आपल्या शिक्षणाच्या खर्चाचा वाटा स्वतःच्या श्रमांतून उचलणे, ही या वसतिगृहाची वैशिष्ट्ये होती. पुढे ‘कमवा आणि शिका’ या नावाने महाराष्ट्रभर रूढ झालेली पद्धत येथेच आकारास आली. उरलेला भार सरकारी तिजोरीपेक्षा खेड्यापाड्यांतील शेतकरी कुटुंबांनी अधिक वाहिला. त्यासाठी घरोघरी बाजूला काढल्या जाणाऱ्या मूठभर धान्याला ‘मुष्टिफंड’ असे नाव मिळाले.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी सातारा जिल्ह्यातील खेड्यांत शिक्षणाची सोय असलीच तर ती प्राथमिक इयत्तांपुरती होती. इंग्रजी शाळेसाठी मुलाला सातारा, कऱ्हाड किंवा कोल्हापूर गाठावे लागे. शाळेची फी एकवेळ माफ होई, परंतु शहरात राहण्याजेवणाचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्यात नव्हता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलांपुढे याहून मोठा अडथळा होता. पैसे असले तरी त्यांना खोली भाड्याने मिळत नसे आणि खाणावळीत प्रवेश नसे. त्यामुळे शिक्षणाचा प्रश्न बऱ्याच अंशी वसतिगृहाचा प्रश्न होता.

ही गोष्ट प्रथम ओळखली ती कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी. त्यांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मोहमेडन बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. ही वसतिगृहे जातवार होती. त्या काळात प्रत्येक समाजाला आपल्या मुलांसाठी पुढे यायला लावण्याचा तो व्यवहार्य मार्ग होता. मात्र एका जातीच्या वसतिगृहात वाढलेला मुलगा दुसऱ्या जातीच्या मुलाच्या ताटाशेजारी बसण्याचा प्रसंग त्यातून क्वचितच येई.

कुंभोज येथे जैन शेतकरी कुटुंबात जन्मलेले भाऊराव शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास हजर राहिल्यानंतर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्यांचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपूर्वीच थांबले. पुढे साताऱ्यात शिकवण्या, नंतर ओगले यांच्या काच कारखान्याच्या कंदिलांची व किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री, असे व्यवसाय त्यांनी केले. या विक्रीच्या निमित्ताने झालेली खेड्यांची भटकंती पुढील कामास उपयोगी पडली. कोणत्या गावात शाळा नाही, कोणत्या घरात हुशार मूल आहे आणि कोणता पाटील दोन पोती जोंधळा देऊ शकेल, याची माहिती त्यांना कागदावरून नव्हे, पायपिटीतून झाली होती.

स्थापना

सत्यशोधक चळवळीत वावरणाऱ्या भाऊरावांनी दुधगाव येथे सहकाऱ्यांसह विद्यार्थी वसतिगृहाचा प्रयोग केला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. काले आणि नेर्ले येथेही वसतिगृहे चालविण्यात आली. मात्र माध्यमिक शिक्षणाची सोय असलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृह असल्याखेरीज खेड्यातील मुलगा प्राथमिक शाळेच्या पुढे जाणार नाही, हे लक्षात आल्यावर १९२४ साली संस्थेचे मुख्य ठिकाण साताऱ्यास हलविण्यात आले आणि तेथे हे वसतिगृह सुरू झाले. साताऱ्यातील धनिणीच्या बागेशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी वसतिगृहास भेट दिली आणि त्यांच्याच हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. शाहू महाराजांचे १९२२ मध्ये निधन झाले होते. ब्राह्मणेतर चळवळीचे आधारस्तंभ असलेल्या राजाचे नाव काँग्रेसच्या नेत्याने एका वसतिगृहास द्यावे, ही घटना त्या काळच्या राजकारणाच्या पार्श्वभूमीवर लक्षणीय मानावी लागेल. पुढे गांधीजींच्या हरिजन सेवा कार्याच्या निधीतून वसतिगृहास वार्षिक ५०० रुपयांची मदत मिळू लागली.

दिनक्रम आणि श्रम

वसतिगृहात नोकरचाकर नव्हते. दळण, स्वयंपाक, पाणी भरणे, सारवण, भांडी ही सर्व कामे मुले पाळीपाळीने करीत. याशिवाय शेतात राबणे, झाडे लावणे, खडी फोडणे, बांधकामावर दगडमाती वाहणे अशी कामे असत. संस्थेच्या कित्येक इमारती विद्यार्थ्यांच्या हातांनी उभ्या राहिल्या. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य या दिनक्रमातून आलेले आहे.

या श्रमांमागे केवळ काटकसर नव्हती. फुकट मिळालेले शिक्षण मुलाला मिंधे करते, अशी भाऊरावांची धारणा होती. दात्यासमोर हात जोडून उभा राहणारा विद्यार्थी त्यांना नको होता. दुसरा परिणाम अधिक खोलवर झाला. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी अशा घरांतून आलेल्या मुलांनी आळीपाळीने भाकऱ्या थापल्या की, कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये हा प्रश्न वादविवादाविनाच मागे पडे. सहभोजने तेव्हा सुधारकांच्या सभांतूनही होत. येथे मात्र ते दिवसातून दोनदा, वर्षभर चालणारे साधे जेवण होते. अर्थात याला विरोधही झाला. वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र जेवतात, एवढ्या कारणावरून आपली मुले न पाठविणारे पालक होते आणि मदतीचा हात आखडता घेणारे प्रतिष्ठितही होते.

लक्ष्मीबाई पाटील

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळणाऱ्या जैन घरातून आलेल्या होत्या. वसतिगृहाच्या उभारणीत मात्र त्या सर्व मुलांच्या आई झाल्या. आजारी मुलांची शुश्रूषा आणि लहानांची न्हाणीधुणी त्यांनी केली. पैशांची अडचण येत गेली तसतसे त्यांच्या अंगावरील दागिने विकले गेले. भाऊराव गावोगाव फिरत असताना एकदा वसतिगृहातील धान्य संपले आणि मुलांना उपाशी ठेवणे अशक्य झाल्याने त्यांनी मंगळसूत्रही मोडले, असे चरित्रकार सांगतात. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेच्या इतिहासात त्यांचा उल्लेख बहुधा त्यागाच्या या एका प्रसंगापुरता होतो. प्रत्यक्षात वसतिगृहाचे घरपण रोजच्या रोज टिकवून धरणाऱ्या त्या पहिल्या कार्यकर्त्या होत्या आणि त्या कामाला वेतन नव्हते.

मुष्टिफंड

वसतिगृहाच्या अर्थव्यवस्थेचा सर्वांत वेगळा भाग म्हणजे मुष्टिफंड. ‘मुष्टी’ म्हणजे मूठ. दळणाला बसण्यापूर्वी घरातील बाईने त्यातले मूठभर धान्य काढून वेगळ्या मडक्यात टाकायचे, एवढीच ही पद्धत. साठलेले धान्य ठरावीक दिवसांनी गोळा करून वसतिगृहात आणले जाई. वसतिगृहातील मुले सुटीत गावोगाव फिरून या कामात भाग घेत. सुगीच्या दिवसांत खळ्यावरूनही धान्य मिळे.

रोख पैसा शेतकऱ्याच्या हाती वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच येई, त्यामुळे रोख वर्गणी मागणे व्यर्थ होते. धान्य मात्र गरिबातल्या गरीब घरातही रोज हाताळले जाई, आणि त्यातली एक मूठ कमी झाल्याने कोणाची चूल विझत नसे. जमीनजुमला व पैसा यांवर स्त्रियांचा अधिकार नव्हता, परंतु जात्याजवळचे धान्य त्यांच्या ताब्यात होते. म्हणून या निधीच्या खऱ्या दात्या खेड्यातील निरक्षर स्त्रिया ठरल्या. त्यांपैकी बहुतेकींची नावे कोणत्याही देणगीफलकावर नाहीत. ज्या घरातून मूठ येई त्या घराला शिकणारी मुले आपली वाटू लागत आणि पुढे त्याच गावात शाळा काढायची वेळ आली की जागा व मजुरी मिळविणे सोपे जाई.

मुष्टिफंडाच्या मर्यादाही होत्या. दुष्काळात मूठ आटत असे आणि नेमक्या त्याच वर्षी वसतिगृहात येऊ पाहणाऱ्या मुलांची संख्या वाढे. शिक्षकांचे पगार, पुस्तके, कंदिलाचे तेल यांसाठी रोकडच लागे. म्हणून संस्थानिक, व्यापारी व सरकार यांच्या दाराशी भाऊरावांना जावेच लागले. दात्याच्या अटी मात्र त्यांना सहज मान्य होत नसत. साताऱ्याच्या महाविद्यालयास दिलेले शिवाजी महाराजांचे नाव बदलावे, या अटीवर देऊ केलेली मोठी देणगी त्यांनी नाकारल्याची हकिकत प्रसिद्ध आहे.

विस्तार

पुणे करारानंतर १९३२ साली पुण्यात याच धर्तीवर युनियन बोर्डिंग हाऊस सुरू करण्यात आले. १९३५ मध्ये साताऱ्यात ‘सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज’ हे अध्यापक विद्यालय निघाले. त्याचेच पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय झाले. येथून बाहेर पडलेले तरुण शाळा नसलेल्या वाड्यावस्त्यांवर शिक्षक म्हणून गेले. १९३७ नंतर मुंबई प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाने खासगी प्रयत्नांतून चालणाऱ्या प्राथमिक शाळांना उत्तेजन दिले, तेव्हा संस्थेने अशा ‘व्हॉलंटरी’ शाळांचे जाळेच विणले. त्यांची संख्या पाचशेच्या पुढे गेली होती आणि स्वातंत्र्यानंतर त्या स्कूल बोर्डाच्या स्वाधीन करण्यात आल्या. चावडी, देऊळ किंवा एखाद्याचा गोठा यांत भरणाऱ्या या शाळांना शाळा म्हणावे का, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. परंतु त्या गावांत त्याआधी काहीच नव्हते.

१९४० साली सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये श्रम आणि शिक्षण यांची सांगड माध्यमिक पातळीवर घातली गेली, तर १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेजच्या रूपाने ती महाविद्यालयापर्यंत पोहोचली. १९५४ मध्ये कऱ्हाड येथे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज स्थापन झाले.

१९४८ मधील अनुदानबंदी

गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांनी जाहीर भाषणांतून केलेल्या टीकेमुळे मुंबई सरकारचा रोष ओढवला आणि संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. तोपर्यंत शाखा वाढल्या होत्या आणि शिक्षकांचे पगार बऱ्याच प्रमाणात अनुदानावर अवलंबून होते. ‘स्वावलंबन’ हा शब्द बोधवाक्यातून उतरून प्रत्यक्ष कसोटीला लागला तो या वेळी. अनेक शिक्षकांनी पगाराविना काम चालू ठेवले, गावांनी धान्य व वर्गण्या दिल्या आणि संस्था बंद पडली नाही. गाडगे महाराजांनी सरकारकडे शब्द टाकला. काही काळानंतर अनुदान पूर्ववत झाले. याच काळात भाऊरावांनी महात्मा गांधींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला होता. ज्या सरकारशी वाद गांधीहत्येनंतरच्या भाषणांवरून झाला, त्याला दिलेले उत्तर म्हणूनही या संकल्पाकडे पाहता येते.

विद्यार्थी आणि उत्तरकाल

या वसतिगृहात राहून शिकलेल्यांत बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ते पुढे छत्रपती शिवाजी कॉलेजचे प्राचार्य आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. भाऊरावांच्या कार्यावर त्यांनी इंग्रजीत ‘द बाउंटियस बनियन’ हा ग्रंथ लिहिला. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह आहे.

१९५९ साली भाऊरावांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी. लिट. मिळाली, त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९८८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. रयत शिक्षण संस्थेच्या शाखांची संख्या आज सातशेहून अधिक आहे.

शाळांना नियमित वेतन अनुदान मिळू लागल्यावर आणि शासकीय वसतिगृहे व शिष्यवृत्त्या सुरू झाल्यावर मुष्टिफंडाची निकड उरली नाही. घराघरांतील जातीही पिठाच्या गिरण्यांमुळे थांबली. ‘कमवा आणि शिका’ ही योजना मात्र विद्यापीठांनी उचलली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ती कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याच नावाने चालते. तीत विद्यार्थ्याला ग्रंथालय, कार्यालय, उद्यान अशा ठिकाणी केलेल्या कामाबद्दल तासांच्या हिशेबाने मानधन दिले जाते. शाहू बोर्डिंगमध्ये काम आणि जेवण सर्वांचे सामायिक होते आणि तासांची नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती.