जातिवंत कोण, गावठी कोण?

संशोधनाची तयारी करताना आपण तक्त्यातले आकडे बघतो, रकान्यांच्या नावांकडे फारसं लक्ष देत नाही. पण रकान्याचं नावही कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी कामासाठी ठरवलेलं असतं. आज दोन उदाहरणं घेऊ: एक लंडनच्या मांजराचं, दुसरं यवतमाळच्या बैलाचं.

आधी एक शब्द स्पष्ट करू. मराठीत ‘जात’ आणि ‘प्रजाती’ यांची सर्रास सरमिसळ होते. सगळी पाळीव मांजरं एकाच प्रजातीची. पर्शियन, सयामी या तिच्यातल्या जाती. प्रजाती निसर्गात घडते. जात मात्र माणूस निवडून, जपून आणि नाव देऊन ठरवतो.

13 जुलै 1871 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर या चित्रकाराच्या पुढाकाराने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं. बक्षिसं द्यायची तर वर्ग हवेत. मग केस लांब की आखूड, रंग कोणता, अंगावर पट्टे आहेत का, यावरून मांजरं वाटली गेली. डोकं, डोळे, केस, शेपूट यांना गुण देण्याची पद्धत वेअरनेच घालून दिली. 1887 मध्ये तिथे नॅशनल कॅट क्लब निघाला आणि वंशावळीची नोंदवही पुढे आली. क्रम लक्षात घ्या: आधी रूप, मग वंशावळ. नावाचीही गंमत आहे. पर्शियन म्हणजे इराणी, असं आपण धरून चालतो. पण 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात आजच्या पर्शियन मांजरांचं जवळचं नातं पश्चिम युरोपातल्या मांजरांशी निघालं. म्हणजे नाव हा मूळ ठिकाणाचा पुरावा असेलच असं नाही.

आता यवतमाळला येऊ. इथे मांजरांची अशी नोंदवही नाही, पण गुराढोरांची वर्गवारी शंभर वर्षांहून जुनी आहे. 1905 पर्यंत हा जिल्हा ‘वणी’ नावाने ओळखला जायचा. काळी जमीन, कापसाचं पीक, त्यामुळे वखर, डवरा आणि बंडी ओढणारा बैल हा शेतीचा कणा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज अधिकाऱ्यांनी गॅझेटियर लिहिली, तेव्हा त्यांनाही ओढकामाच्या जनावरात रस होता. वऱ्हाडी गुरांचे त्यांनी दोन प्रकार नोंदवले: मोठ्या चणीचा खामगावी आणि लहान चणीचा उमरडा.

पुढे 1953 मध्ये जोशी आणि फिलिप्स यांचं भारत-पाकिस्तानच्या गुरांवरचं पुस्तक जागतिक अन्न व कृषी संघटनेने काढलं. त्यात शिंगांची ठेवण, कपाळ, रंग, बांधा यांवरून गुरांचे सहा गट पाडलेत. वर्ध्याकडची गवळाऊ एका गटात, तर खिल्लार दुसऱ्या. आज जातींची अधिकृत नोंदणी कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था करते. तिच्या यादीत गवळाऊ आहे, खिल्लार आहे, नांदेडकडची लाल कंधारी आहे. ‘उमरडा’ हे नाव नाही.

जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. ईशान्येला वर्धा नदी, पलीकडे गवळाऊचा प्रदेश. दक्षिणेला पैनगंगा, पलीकडे लाल कंधारीचा. यवतमाळ मधोमध. नदी ओलांडली म्हणून गुरं वेगळी होत नाहीत. बाजारातून ती इकडून तिकडे जातात, त्यांचा संकर होतो. अशा मधल्या जनावराला कागदावर ‘अवर्णित’ म्हणतात, बोलण्यात ‘गावठी’. ‘अवर्णित’चा शब्दशः अर्थ बघा: ज्याचं वर्णन झालेलं नाही. म्हणजे ही उणीव वर्णनाची. आपण मात्र ती जनावराची समजतो.

याचा परिणाम गोठ्यापर्यंत पोहोचतो. नोंदणीकृत जात जपायची आणि अवर्णित जनावर चांगल्या वळूच्या रेतनाने ‘सुधारायचं’, असा आपल्या पशुपैदास धोरणाचा सर्वसाधारण कल आहे. त्यामुळे रकान्यातला एक शब्द ठरवतो की पुढची पिढी तशीच राहणार की बदलणार. ज्याचं वर्णन झालं नाही, ते वर्णन होण्याआधीच संपू शकतं.

शेतकऱ्याची वर्गवारी आणखी वेगळी. बाजारात तो आधी दात बघतो: अदात, दोनदाती, चौसा, जुळला. मग खूर, खांदा, चाल. नाव रूपावरून पडतं: ढवळ्या, चांद्या, बांड्या. त्याला वंशावळ नको असते, पुढच्या हंगामात बैल किती चालेल ते हवं असतं. ही वर्गवारी अडाणी ठरवू नका. प्रदर्शनातल्या परीक्षकाइतकीच ती काटेकोर आहे, फक्त काम वेगळं आहे.

तर तुमच्या विषयात, मग तो गुरांचा असो, बियाण्याचा असो की माणसांच्या जनगणनेचा, तक्ता हाती आला की आधी तीन प्रश्न विचारा. हे रकाने कुणी आणि कशासाठी पाडले? फरक कशावरून ठरवला: रूपावरून, वंशावरून की कामावरून? आणि कुठल्याच रकान्यात न बसणारे शेवटी कुठे टाकले? ‘इतर’, ‘मिश्र’, ‘अवर्णित’ हे रकाने आपण बहुधा गाळून पुढे जातो. यवतमाळची निम्मी गोष्ट त्याच रकान्यात दडलेली आहे. तुमची सुरुवात तिथून करून बघा.